वाढत्या अंगाचा वेटसूट

मित्रांनो, मी एक जुना वेटसूट आहे. नाव ऐकून बिचकू नका. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलंही नसेल, कारण आपल्याकडे पोहायला जायचं म्हणजे एक चड्डी आणि एक पंचा घेतला की झालं. मी असतो थंड पाण्यात उतरणाऱ्यांसाठी. मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध, काळा, रबरासारखा. पाठीवर चेन आणि त्या चेनीला एक लांब नाडी, म्हणजे ज्याची त्याला ओढता यावी. दिसायला मी काही देखणा नाही. गॅलरीत वाळत घातला की शेजारची लहान मुलं दचकतात, तिथं कुणी माणूस उभा आहे असं वाटून. त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. ज्या रबराचा मी बनलो त्यात डोळ्यांना न दिसणारे हवेचे बुडबुडे कोंडलेले असतात. ऊब धरून ठेवतात ते हेच. माझे तुकडे आधी चिकटवले आणि मग शिवले, पण सुई आरपार जाऊ दिली नाही. आरपार भोक पडलं की तिथून पाणी शिरणारच. असं सगळं जपून केलेलं काम होतं. उगीच बढाई मारत नाही, पण माझ्यात खोट नव्हती.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण माझी सगळी कर्मकहाणी त्यातच आहे. मी पाणी अडवतो असं लोकांना वाटतं. चूक! थोडंसं पाणी माझ्या आत येतंच. ते माझ्या आणि अंगाच्या मध्ये पातळ पसरतं, अंगाच्या उबेनं कोमट होतं आणि तिथंच थांबतं. त्या कोमट पाण्यानं माणूस गारठत नाही. पण हे केव्हा? मी अंगाला चिकटून बसलो तर. काखेत, पाठीच्या कण्यापाशी, मानेशी, कुठंही पोकळी राहता कामा नये. जरा सैल झालो की कोमट झालेलं पाणी निघून जातं आणि नवं गार पाणी आत येतं. मग मी ऊब देत नाही, नुसतं ओझं होतो. म्हणून मला घेताना कोरड्या अंगावर थोडा घट्टच घ्यायचा असतो.

कोलकात्यात एस्प्लनेडच्या गर्दीत खेळाच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे. फुटबॉलचे बूट, बॅटी, पितळी कप, यांच्या मागे एका खुंटीवर मी कित्येक दिवस लटकत होतो. शेजारी माझा धाकटा भाऊ होता. तसाच काळा, फक्त माझ्याहून एक माप लहान. कोलकात्यात आम्हाला गिऱ्हाईक कुठलं? इथं जरा गारवा पडला की लोक कानटोप्या घालून फिरतात, पाण्यात कोण उतरतंय! धूळ खात पडलो होतो दोघं.

एका दुपारी दुकानात मराठी ऐकू आलं. "अहो, पायरी आहे, त्याला धरा." "धरलंय गं, धरलंय." मग ती तिघं आत आली. दिगंबर खरवंडीकर, सरकारी बँकेत अधिकारी, मूळचे वाईचे, बदली होऊन काही वर्षांपूर्वी इकडे आलेले. त्यांची बायको मधुवंती. आणि मुलगा सुयश, पाचवीतला. सुयश चवड्यांवर चालत होता, पोट पुढे काढून, एका हातानं काउंटरची कड धरून. दोन पावलं टाकली की थांबायचा आणि मग सहज थांबल्यासारखं दाखवत शोकेसमध्ये बघायचा.

त्याला स्नायूंचा आजार होता. हळूहळू अंगातली ताकद नेणारा. औषधांनी तो थोडा मंदावतो, बरा होत नाही. हे मला मधुवंती दुकानदाराला सांगत होती तेव्हा कळलं. डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं, जितके दिवस चालेल तितके दिवस चालता राहू द्या. एकदा बसला की परत उभा करणं आपल्या हातात नाही. जमिनीवर सुयशला दहा पावलांत धाप लागायची, पण पाण्यात? न्यू टाउनमध्ये ते राहायचे तिथं सोसायटीचा पोहण्याचा तलाव होता. छातीइतक्या पाण्यात उभा केला की हे पोरगं कुणाचाही हात न धरता चालायचं. पाणी त्याचं वजन उचलायचं. व्यायाम घेणाऱ्या पारमितादी त्याला या काठावरून त्या काठावर चालवायच्या आणि तो वाटेत त्यांच्या अंगावर पाणी उडवायचा. पण हिवाळा आला, पाणी गार झालं आणि गारठलं की त्याचे पाय आखडू लागले. मग पारमितादी म्हणाल्या, वेटसूट घ्या. हिवाळाभर खंड पडता कामा नये. आणि मुख्य म्हणजे, अंगाला चिकटून बसणारा घ्या.

दुकानदारानं आम्हा दोघांना खाली काढलं. आधी धाकट्याची पाळी आली. पाय आत सरकावा म्हणून दुकानदारानं सुयशच्या पावलावर मिठाईची प्लास्टिक पिशवी चढवली, तेव्हा तो खुदकन हसला. मग ओढाताण सुरू झाली. मधुवंती खाली बसून पोटऱ्यांवरून वर ओढतेय, दिगंबरराव पाठीमागून उचलताहेत, दुकानदार "आस्ते, आस्ते" करतोय. शेवटी चेन लागली. माझा भाऊ त्या पोराच्या अंगावर असा बसला, की बस! कुठं सुरकुती नाही, कुठं पोकळी नाही. मला काउंटरवरून दिसत होतं आणि खरं सांगतो, माझा जळफळाट होत होता.

"आवळतंय का रे?" मधुवंतीनं विचारलं.

"थोडंसं. पण मस्त वाटतं. कुणीतरी धरल्यासारखं."

मधुवंतीचा चेहरा खुलला. "हाच घेऊ या."

दिगंबररावांनी मात्र त्याच्या दंडावर चिमूट धरून पाहिली. चिमटीत काहीच आलं नाही. त्यांनी मान हलवली.

"छे! हा तर आत्ताच काठोकाठ आहे. पुढच्या हिवाळ्यात याचं काय करायचं? वाढतं अंग आहे. तो मोठा दाखवा."

मित्रांनो, हे तुमच्याही घरी होत असणार. गणवेश घ्यायचा तो एक माप मोठा, बूट घ्यायचे ते पुढे कापूस घालून. चड्डीला आत मुडप घालायची, पोर वाढलं की उसवायची. दिगंबरराव स्वतः असेच वाढले होते. त्यांच्या वडिलांनी आयुष्यात मुलांना मापाचा कपडा घेतला नाही, आणि कुणाचं काही बिघडलंही नाही. पण ते सदरे होते हो. मी सदरा नव्हे.

"अहो, पारमिताताई काय म्हणाल्या? चिकटून बसायला हवा."

"चिकटून म्हणजे काय जीव गुदमरवायचा? मुडप घालू. उसवता येईल पुढे."

"मुडप? याला?"

"का? कापडच आहे की."

"मला तर हाच बरा वाटतो," मधुवंती हळूच म्हणाली. "आत्ता बरोब्बर बसतोय तर."

दिगंबरराव तिच्याकडे वळले. आवाज खालचा होता, पण त्यात धार होती. "आणि पुढच्या वर्षी तो एवढाच असणार आहे, असं धरून चालू का मी?"

मधुवंती खाली वाकून सुयशच्या पावलावरची पिशवी काढू लागली. मग दुकानदाराला काय वाटलं कोण जाणे, त्याला त्या मराठीतलं काहीच कळलं नव्हतं. तो हसून म्हणाला, "बडा ही लीजिए दादा, बच्चा तो बढेगा ना?"

"बघ," दिगंबरराव म्हणाले. "हे काय मी एकटा म्हणतोय?"

सुयश मान खाली घालून माझ्या भावाच्या चेनीची नाडी बोटाला गुंडाळत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. मोठ्यांना वाटतं मुलं ऐकत नाहीत.

अशी माझी निवड झाली. मी घातल्यावर सुयशच्या काखेत दोन बोटं जातील एवढी जागा राहत होती आणि पाठीवर तर मुठीएवढी. हातापायांना लोंबत होतो ते वेगळंच. तरी मेट्रोतून जाताना माझी छाती फुगली होती. इतके दिवस धूळ खाल्ल्यावर मला घर मिळालं होतं, एक गोड मुलगा मिळाला होता. सैल तर सैल, निभावून नेऊ, असं मनाशी म्हणत होतो. कप्पाळ माझं! माझ्या मनाशी म्हणण्यानं पाणी थांबणार होतं थोडंच?

घरी आल्यावर मधुवंतीनं नाइलाजानं सुईदोरा घेतला. माझ्या बाह्या आणि पाय बाहेरच्या बाजूला दुमडले आणि जाड दोऱ्यानं मुडप घातली. कारखान्यात जिथं सुई आरपार जाऊ नये म्हणून जीव टाकत होते, तिथं आता टाक्यागणिक भोक पडत होतं. मला वेदना झाल्या म्हणत नाही, पण लाज वाटली.

पहिल्या दिवशी तलावाकाठी सगळे जमले. ऊन कोवळं होतं, पाणी चांगलंच गार. पारमितादींनी मला पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांची नजर मुडपीवर गेली.

"ये किसने किया?"

"मेजर अल्टरेशन नहीं किया है," दिगंबरराव म्हणाले. "बस फोल्ड किया है. बढता बच्चा है ना."

"दादा, इसमें तो पानी भर जाएगा."

"आज देखेंगे ना. देखते हैं."

सुयश कठडा धरून एकेक पायरी उतरला. गुडघे, कंबर, पोट. पहिल्या हेलकाव्यानं पाणी गळ्याशी पोहोचलं मात्र, आणि माझ्या मानेच्या फटीतून गार पाण्याचा लोट आत घुसला. पाठीच्या पोकळीत तो साठला आणि मी मागून फुग्यासारखा टम्म झालो. सुयशचं अंग थरारलं ते मला आतून कळलं. मी जमेल तितका त्याला बिलगलो. पण तो एक पाऊल टाकायचा आणि आत जरा कोमट झालेलं पाणी भसकन बाहेर जायचं. दुसऱ्या पावलाला नवं गार पाणी. त्यात त्या मुडपी! पायाच्या दुमडीत पाणी भरून राहिलं आणि जे पाय नुसते उचलणंच मुश्किल, त्यांना दोन पिशव्या बांधल्यासारखं झालं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, दुसरं काय.

"कसं वाटतंय?" काठावरून दिगंबररावांनी विचारलं. हातात टॉवेल घेऊन ते अगदी वाकून उभे होते. चेहऱ्यावर इतकी आशा होती की बघवत नव्हतं.

"छान आहे बाबा," सुयश म्हणाला. "गरम आहे एकदम."

दात वाजू नयेत म्हणून त्यानं जबडा आवळला होता. मी त्याच्या अंगावर होतो, मला माहीत आहे.

"शाब्बास! बघ मधू, म्हटलं नव्हतं? अजून एक फेरी होऊ दे, राजा."

त्यानं अर्धी फेरी कशीबशी मारली. पारमितादींनी त्याचे निळे पडलेले ओठ पाहिले, त्याला उचललं आणि बाहेर आणलं. माझ्या बाह्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. त्यांनी दिगंबररावांना स्पष्ट सांगितलं, हा बदला, एक माप कमी आणा. नाहीतर याच्यापेक्षा न घातलेला बरा. दिगंबररावांनी "हां हां" केलं.

संध्याकाळी मधुवंती मला न्हाणीघरात गोड्या पाण्यानं खंगाळत होती. सुयश दारात स्टुलावर बसला होता, स्वेटर घालून, तरी कुडकुडत.

"आई, मला थंडी लागते."

एरवी ती "लागते नव्हे रे, वाजते" म्हणून सुधारायची. कोलकात्यात वाढलेलं पोर, त्याच्या मराठीत हिंदी-बंगाली सगळं मिसळायचं. त्या दिवशी तिनं सुधारलं नाही.

"मग बाबांना छान आहे असं का म्हणालास?"

त्यानं स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून घेतल्या. मग म्हणाला, "आई, वाढायला किती दिवस लागतात?"

"का रे?"

"लवकर वाढलो तर हा बरोबर होईल ना. बाबांना परत जायला नको."

मधुवंतीनं नळ सोडला तो बराच वेळ बंदच केला नाही.

त्यानंतर घरात दोनदा खटका उडाला. मधुवंती म्हणायची, आत्ताच्या आत्ता बदलून आणा. दिगंबरराव म्हणायचे, आणू की, पण थोडे दिवस बघू, दूध-अंडी वाढवू, भरेल अंग. भरेल अंग! मित्रांनो, तो माणूस वाईट नव्हता हो. रोज बँकेतून दमून आला तरी आधी मुलाच्या पायांना तेल चोळायचा. पण एक माप लहान वेटसूट मागायला जाणं त्याला जमेना. त्या दुकानात जाऊन "लहान द्या" म्हणायचं म्हणजे काहीतरी कबूल करायचं होतं आणि ते कबूल करायला त्याचं तोंड उघडत नव्हतं.

मी आणखी काही वेळा पाण्यात गेलो. दर वेळी तेच. सुयश आधी अर्धी फेरी करायचा, मग पाव, मग पायरीवरच उभा राहायचा. शेवटी एकदा त्यानं कठडा सोडलाच नाही. "आज नको," एवढंच म्हणाला. पारमितादींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग दिगंबरराव एस्प्लनेडला गेले. गेले एकदाचे! पण तोवर माझा धाकटा भाऊ विकला गेला होता. नवा माल उन्हाळ्याच्या तोंडावर येणार. मधुवंतीनं वाट न बघता मोबाईलवरून एक मागवला. तो आला तेव्हा सुयश तापानं फणफणला होता. सर्दी छातीत उतरली आणि मुक्काम ठोकून बसली. आजारी पडलेलं साधं मूल चार दिवस झोपतं आणि उठून पळायला लागतं. या मुलाचं तसं नव्हतं. त्याचा एकेक आठवडा अंथरुणात गेला की पायांतली ताकद बोटांच्या फटीतून वाळू गळावी तशी जायची. नवा सूट आला तसा परत गेला. मी गॅलरीत दोरीवर होतो आणि उन्हानं माझा काळा रंग विटत होता. कुणाच्या लक्षातही नव्हतं.

फाल्गुनात ऊन तापलं. पाणीही तापलं. आता माझी गरजच नव्हती, पण सुयशनं हट्ट धरला म्हणून मला पिशवीत भरून तलावावर नेलं आणि काठावर ठेवलं. म्हणून मी ते पाहिलं. न पाहतो तर बरं झालं असतं.

दिगंबररावांनी त्याला कडेवर घेऊन पाण्यात उतरवलं आणि ते काठावर परतले. पारमितादींनी समोरून दोन्ही हात धरले. "चलो, सुयशबाबू, आओ." त्यानं पाऊल टाकायचा प्रयत्न केला. गुडघा ताठ राहिला नाही, पुढे दुमडला. दुसराही. तो पाण्यात खाली बसू लागला तशी त्यांनी त्याला वर उचललं. पुन्हा उभा केला, पुन्हा तेच. हिवाळ्याआधी याच पाण्यात तो एका काठावरून दुसऱ्या काठावर चालत होता.

सुयशनं गोंधळून आजूबाजूला पाहिलं.

"पारमितादी, आज पानी जादा है क्या?"

पारमितादींनी क्षणभर ओठ चावला. मग म्हणाल्या, "हां रे. आज थोडा जादा भरा है."

"तभी," सुयश म्हणाला आणि त्याला जरा बरं वाटलं.

काठावर दिगंबरराव उभे होते. त्यांना तलावाच्या भिंतीवरची पाण्याच्या पातळीची खूण दिसत होती. पाणी होतं तिथंच होतं.

त्यानंतर घरात चाकांची खुर्ची आली. मला कुणीतरी घडी घालून पलंगाच्या पेटीत टाकलं, जुन्या गोधड्यांखाली. आमच्यासारख्यांना घडी घालू नये, रुंद हँगरवर सावलीत टांगावं, नाहीतर घडीवर चिरा पडतात. पण कुणाला सांगणार? त्या घरात माझ्याकडे बघायला कुणाला तोंड होतं? अंधारात पडल्या पडल्या मी वरचे आवाज ऐकायचो. खुर्चीच्या चाकांची किरकिर, मधुवंतीचं सुयशला घरीच शिकवणं, आणि सुयशचा आवाज, जो हळूहळू बारीक होत गेला. एकदा पारमितादी येऊन निरोप घेऊन गेल्या. आता त्यांच्या व्यायामाचा उपयोग राहिला नव्हता.

असे दोन हिवाळे गेले आणि दिगंबररावांची बदली आली, नाशिकला. सामान बांधायला सुरुवात झाली. पेटी उघडली आणि मी उजेडात आलो. दिगंबररावांनी मला हातात घेतलं, झटकलं आणि पलंगाच्या कडेवर तसेच बसून राहिले. मग उठून ब्लेड आणलं आणि माझ्या मुडपीचा एकेक टाका उसवू लागले. का, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसेल.

सुयश खुर्चीवरून बघत होता. औषधांनी तो अंगानं बराच फुगला होता. गाल वर आले होते, पोट सुटलं होतं. हातपाय लांब झाले होते, पण कोपरं आखडून अर्धी दुमडलेली राहायची.

"बाबा, घालून बघू ना," तो म्हणाला.

"आता कशाला रे?"

"बघू ना. एकदा."

मधुवंती स्वयंपाकघरात भांडी बांधत होती. बापानं पोराला पलंगावर निजवलं. पावलांना प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. इंच इंच करत मला वर ओढलं, हात बाह्यांत घातले, कुशीवर वळवून चेन लावली. मोठा वेळ लागला. आणि मित्रांनो, मी बसलो! काखेत पोकळी नाही, पाठीवर पोकळी नाही, पाय घोट्यापर्यंत, बाह्या मनगटापर्यंत. ज्या बसण्यासाठी मला बनवलं होतं तसा मी जन्मात पहिल्यांदा बसलो.

"बरोब्बर आला!" दिगंबरराव ओरडले. खरंच ओरडले, आनंदानं. "मधू, अगं बघ तरी, बरोब्बर आला! म्हटलं नव्हतं, वाढेल म्हणून?"

मधुवंती धावत आली आणि दारातच थांबली. सुयश पलंगावर उताणा होता, मानेपासून घोट्यापर्यंत काळा, आणि हसत होता. खोलीत बांधलेले खोके होते, गुंडाळलेली गादी होती. पंखा गरगरत होता. दिगंबररावांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू विरलं.

"बाबा," सुयश म्हणाला, "थोडं आवळतंय. श्वास नीट येत नाही."

त्यांनी पटकन चेन उघडली. पण चेन उघडून काय होतं? मला काढायचं तर हात मागे घ्यावे लागतात, कोपर सरळ करावं लागतं. सुयशचं कोपर सरळ होत नव्हतं. बाही मनगटाकडून ओढली तर तो कळवळला. खांद्याकडून ओढली तर डोळ्यांत पाणी आलं. घामानं मी आणखीच चिकटलो. सोडावं म्हणून मी जीव तोडून सैल पडायला बघत होतो, पण मी तर घट्ट बसण्यासाठीच बनलेलो. सुयशची छाती भराभर वरखाली होऊ लागली.

"कात्री," दिगंबरराव म्हणाले. "मधू, कात्री दे."

"नको ना बाबा, कापू नको. किती मस्त बसलाय."

"दुसरा आणू, राजा."

"दुसरा नको. हाच बरोबर झालाय आता. मी थोडा वेळ असाच राहतो."

मधुवंतीनं कात्री आणली. मी तेव्हाच सांगितलं होतं, असं तिनं म्हटलं नाही. म्हणाली, "हळू. कातडीला लागेल." दिगंबररावांनी दोन बोटं माझ्या गळ्याखाली घातली, त्यावर कात्री धरली आणि कापलं. गळ्यापासून पोटापर्यंत. मग एकेक बाही, खांद्यापासून मनगटापर्यंत. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडत होतं. सुयशनं मोठा श्वास घेतला. मग त्यानं बापाच्या केसांवर आपला आखडलेला हात कसाबसा ठेवला आणि म्हणाला, "असू दे बाबा. गरम होता खूप."

या वेळी ते खरं होतं.

मित्रांनो, आता मी नाशिकला असतो. अख्खा नाही. मधुवंतीनं माझ्या पाठीचे दोन तुकडे कापून सुयशच्या खुर्चीच्या हातांवर बसवले, कोपरं घासू नयेत म्हणून. बाकीचा मी कोलकात्याच्या कचऱ्यात गेलो. इथं येऊन खुर्ची लहान पडू लागली तेव्हा दिगंबरराव नवी बघायला गेले. दुकानातला माणूस म्हणाला, एक माप मोठी घ्या साहेब, मुलगा वाढेल. दिगंबरराव म्हणाले, "नको. याच्या आजच्या मापाची द्या." एवढं बोलून ते बाहेर जाऊन उभे राहिले. सुयशचं माप मधुवंतीनं दिलं. डॉक्टर आता पायांबद्दल काही विचारत नाहीत, फक्त छातीला नळी लावून बराच वेळ ऐकतात.

माझ्यासारख्यांनी शेवटी काहीतरी मागायचं असतं. आम्हाला गोड्या पाण्यानं धुवा, उन्हात टाकू नका, घडी घालू नका, असं मी मागणार होतो. राहू दे ते. तुमचे आईबाबा तुम्हाला वाढत्या अंगाचं घेतील, त्यांच्यावर रागावू नका. तुम्ही मोठे व्हावं एवढंच त्या बिचाऱ्यांच्या मनात असतं. फक्त सैल होत असेल तर सैल होतंय म्हणा, गार लागत असेल तर तोंड उघडून सांगा, त्यांचा चेहरा पडला तरी सांगा. आणि तुम्ही कधी कुणासाठी काही घ्यायला गेलात, तर जो समोर उभा आहे त्याच्या मापाचं घ्या. पुढच्या वर्षीचा मुलगा अजून कुणी पाहिलेला नाही. थंडी आजच्या मुलाला वाजत असते.